केळीवाल्याचे गुलाब

गिरीज गावच्या सॅन्टनने बायकोसाठी गुलाब लावायचं ठरवलं, ते प्रेमापोटी असं कुणाला वाटलं असेल तर त्याने सॅन्टनला पाहिलेलं नाही. प्रेम त्याच्याकडे होतं, पण केळीच्या बागेला घालून उरलं तर ते घरी यायचं. गुलाब लावायचं त्याने ठरवलं ते अपमान झाला म्हणून. आणि अपमान झाला होता चर्चच्या हॉलमध्ये, चार लोकांत, हातात चहाचा कप असताना.

झालं असं, की त्या वर्षी लग्नाला चाळीस वर्षं भरलेल्या जोडप्यांचा येत्या जानेवारीत सत्कार व्हायचा होता. आधी चर्चमध्ये मोठी मिस्सा, मग हॉलमध्ये जेवण. तयारीसाठी फादरनी जूनमध्येच सगळ्या जोडप्यांना बोलावून घेतलं. फादर तरुण, उत्साही, नुकतेच बदलून आलेले. (नव्या फादरना पहिली दोन वर्षं लोकांच्या संसाराचं फार कौतुक असतं. पुढे नवराबायकोची पापं ऐकून ऐकून ते निवतं.) त्यांनी एकेका बाईला उठवून विचारायला सुरुवात केली, की नवऱ्याने तुम्हाला कधी फूल दिलं का. एकीला मोगऱ्याचा गजरा मिळाला होता. एकीला बाळंतपणात गुच्छ मिळाला होता, तो नवऱ्याने दिला की दवाखान्याने, यावर तिथेच थोडी बाचाबाची झाली. मग सॅन्टनच्या बायकोची, पॉलिनची पाळी आली. ती उठली, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, "दिलंय की. केळफूल. निवडायचं, चिरायचं, भाजी करायची आणि परत त्यांनाच वाढायची."

हॉल हसला. एकाच्या तर नाकातून चहा आला.

सॅन्टन हसला नाही. केळफुलाला हसणारी माणसं त्याला मुळातच आवडत नसत. तो उभा राहिला आणि सगळ्यांसमक्ष त्याने जाहीर केलं, की जानेवारीत वेदीवर जे गुलाब लागतील ते सॅन्टनच्या वाडीतले असतील, सत्काराच्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक गुलाब सॅन्टनच्या वाडीतला असेल, आणि पॉलिनच्या हातात असेल तो सगळ्यांत मोठा, स्वतः लावलेला, स्वतः वाढवलेला. टाळ्या पडल्या. फादरनी वहीत लिहून घेतलं. पॉलिन खाली बसता बसता शेजारणीला एवढंच म्हणाली, "बिचारे गुलाब."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पॉलिन निर्मळ गावची. तिच्या माहेरी तीन पिढ्या फुलांची वाडी. मोगरा, कागडा, गुलाब सगळं तिच्या हाताखालून गेलेलं, आणि आता तिचा भाऊ डेन्झिल ती वाडी बघायचा. सॅन्टनला सासुरवाडीची माणसं आवडायची, पण फुलं पिकवणं याला तो शेती मानायचा नाही. शेती म्हणजे केळी. खांद्यावर घेतला की माणूस वाकला पाहिजे असा केळ्यांचा लोंगर. बोटांच्या चिमटीत मावतं ते पीक कसलं? त्यामुळे घरात गुलाबाची जाणकार बाई चाळीस वर्षं नांदत असताना सॅन्टनने गुलाबाबद्दल सगळ्यांना विचारलं, फक्त तिला सोडून.

जाती निवडण्यावरून घरात जे झालं तसं मुलीचं स्थळ निवडतानाही झालं नव्हतं. ती मुलगी, स्टेफी, अंधेरीला नोकरी करते, शनिवार-रविवार घरी असते. तिने मोबाईलवर फोटो काढून दाखवले आणि सांगितलं, की महत्त्वाचा काय तो रंग. मम्मीची साडी मोतिया रंगाची आहे, तर गुलाब फोटोत उठून दिसला पाहिजे. डेन्झिल आला, त्याने दोन पापलेटं टेबलावर ठेवली आणि म्हणाला, रंग कुणीही देतो, गुलाब ओळखायचा घडणीवर. कळी उंच, टोकदार, पाकळ्या कडेला मागे वळलेल्या, मधला गाभा शेवटपर्यंत मिटलेला. पॉलिन पापलेटं साफ करत होती. ती तिथूनच म्हणाली, "वास नसेल तर गुलाब कशाला? कागदाचा आणा. धुऊन परत वापरता येईल."

सॅन्टनला रंग, वास, घडण यातलं काहीच पटलं नाही. त्याला आकार हवा होता.

विरारच्या बाजूला एक नर्सरी आहे, तिथे सॅन्टन, पॉलिन आणि स्टेफी असे तिघं गेले. नर्सरीवाली रीमा बोलकी बाई. तिने एकेक झाड दाखवत त्याचं कूळ सांगायला सुरुवात केली. हा डबल डिलाइट, मलईसारखा पांढरा आणि कडा लाल, उन्हात लाली आत उतरत जाते. हा फर्स्ट प्राइज, गुलाबी, घडणीत याचा हात धरणारा नाही. सॅन्टनने सगळं ऐकून घेतलं, झाडाचं बूड अंगठ्याने दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती किलोचा होतो?"

रीमाने स्टेफीकडे पाहिलं. स्टेफीने दुसरीकडे पाहिलं.

पॉलिन मात्र झाडांच्या रांगेतून नाक पुढे करून चालली होती. फर्स्ट प्राइजपाशी थांबून म्हणाली, "दिसायला देखणा, वासाच्या नावानं आनंद. आपल्याकडे जेवायला येणाऱ्या साहेबलोकांसारखा." पुढे एका गर्द लाल, जवळजवळ काळ्या फुलावर ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. डोळे मिटलेले. रीमा म्हणाली, "हा पापा मेलाँ, आन्टी." पॉलिनने मान हलवली. तिच्या बाबांनी विहिरीशी असाच एक लावला होता, लग्नाच्या दिवशी त्यातलं फूल तिच्या केसांत होतं. पण हे ती नर्सरीत बोलली नाही. एवढंच म्हणाली, "हा घ्या."

सॅन्टनने ते पाहिलं. (पुरुषांना अशा गोष्टी दिसत नाहीत असं नाही. दिसतात, पण त्यांचं करायचं काय हे त्यांना कळत नाही.) आणि त्या क्षणापासून फादरची वही, हॉलमधल्या टाळ्या सगळं बाजूला पडलं. या बाईच्या हातात हे फूल आपण पिकवून द्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. त्याने तिन्ही जातींची झाडं टेम्पोत भरली. पैसे देता देता रीमा सांगू लागली, "काका, एक लक्षात ठेवा, ही कलमं आहेत. कलमाच्या खालून फूट आली ना, तर..."

"बाई," सॅन्टन म्हणाला, "माझ्या आज्याने या पट्ट्याला केळी लावायला शिकवलं."

रीमाने उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवले. दुसरं गिऱ्हाईक उभं होतंच.

विहिरीच्या कडेने मातीचे उंच गादीवाफे झाले, त्यांत झाडं लागली. सप्टेंबरात पहिली फुलं आली. डबल डिलाइट लाजरा, फर्स्ट प्राइज ऐटबाज, पापा मेलाँ घरभर वास सोडणारा. पॉलिन रोज सकाळी त्यापाशी उगाचच झाडू मारायला लागली. सॅन्टनची मात्र निराशा झाली. फूल कागदी लिंबाएवढं. एवढ्या खतावर केळीने काय दिलं असतं, हा हिशेब त्याच्या मनातून जाईना. आणि मग एके दिवशी त्याला झाडांच्या बुडाशी नवी फूट दिसली. जाड, हिरवीगार, सरळ वर निघालेली. त्याच्या छातीत आनंद मावेना.

आता केळीचा कायदा ऐका. केळ एकदाच लोंगर देते आणि संपते. तिच्या बुडाशी जमिनीतून पील येतं, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचं. ते राखायचं आणि आईला कापायचं. पुढचं पीक पिलाचं. आईचा मोह धरणारा केळीवाला कर्जात जातो. हा कायदा सॅन्टनने चालायला लागल्यापासून पाळला होता.

आणि हा गुलाबाचा. कलमात खाली असतो रानटी गुलाबाचा खुंट, तो नुसता मुळांपुरता. त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, साल चिरून भरलेला असतो, फूल देतो तो हा डोळा. खालून येणारी जाडजूड फूट ही रानटीची. ती वेळेवर काढली नाही तर ती वरच्याचा घास खाते. थोडक्यात, केळीत ज्याला जपायचं, गुलाबात त्यालाच खुडायचं. फुलवाल्यांच्या पोराटोरांनाही हे ठाऊक असतं. केळीवाल्याला कोण सांगणार?

पॉलिनने सांगितलं. एकदाच. म्हणाली, "अहो, ती खालची फूट काढून टाका. रानटी आहे."

"आई ठेवायची आणि पील मारायचं? असं कोण सांगतं?"

"माझे बाबा सांगायचे."

"तुझे बाबा फुलं विकायचे, पॉलिन. मी बागायतदार आहे."

यावर दुसरी एखादी बाई भांडली असती. पॉलिनने हातातला झाडू भिंतीला टेकवला, कमरेचा पदर सोडला आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "बरं. कापायचा दिवस तेवढा आधी सांगा."

ऑक्टोबरात एका शनिवारी सॅन्टनने कोयत्याला धार लावली आणि तिन्ही जातींच्या सगळ्या आया एका सकाळीत आडव्या केल्या. पिलं राखली. पॉलिन तिथेच उभी होती. कापलेल्या फांद्या तिने एकेक करून गोळा केल्या, काटे सांभाळून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. कशाला, असं सॅन्टनने विचारलं तर म्हणाली, पाणी तापवायच्या चुलीला होतील. जळण ओल्या फडक्यात का गुंडाळायचं, हा प्रश्न सॅन्टनला पडला नाही. थोड्या वेळाने ती स्टेफीच्या स्कूटरवर मागे बसून, फडकं मांडीवर घेऊन भावाला भेटायला निर्मळला गेली. जळण घेऊन माहेरी कशाला, हाही प्रश्न त्याला पडला नाही. तो पिलांकडे बघत होता.

आणि पिलं तरी काय वाढली! नोव्हेंबरात त्याच्या छातीला लागली, डिसेंबरात डोक्याच्या वर गेली. त्याने केळीला देतात तसे बांबूचे टेकू दिले. मासळी धुतलेलं पाणी घातलं, त्या वासाने गिरीजमधली सगळी मांजरं विहिरीशी मुक्कामाला आली. नाताळात घरोघरच्या फराळाच्या थाळ्या घेऊन लोक आले, त्यांना सॅन्टन आधी झाडं दाखवायचा, मग घरात घ्यायचा. शेजारची सालोमी थाळी हातात धरून मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "सॅन्टन, फूल कुठंय?"

"आधी अंग भरतं, मग फूल येतं," सॅन्टनने समजावलं.

"माझं अंग भरून चाळीस वर्षं झाली," सालोमी म्हणाली, "मला नाही आलं."

नाताळ संपता संपता एका फांदीला चार पांढुरकी फुलं आली. पाच पाकळ्यांची, बोटाच्या पेराएवढी, वास शोधावा लागेल अशी. सॅन्टनने सांगितलं, ही ट्रायल आहे.

सत्काराचा रविवार जवळ आला. कळी नाही. सॅन्टनचं जेवण कमी झालं. आपल्याकडे फणस धरला नाही तर त्याला कोयत्याचा धाक दाखवायची रीत आहे. एकाने कोयता उगारायचा, दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, राहू द्या, देईल. सॅन्टनने गुलाबांवर कोयता उगारला. मध्ये पडायला कुणी नव्हतं, म्हणून तो उगारलेलाच राहिला. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पॉलिनचा आवाज आला, "राहू द्या हो. गरीब आहे बिचारा, त्याला काही कळत नाही." हे झाडाबद्दल होतं असं समजून सॅन्टनने कोयता खाली घेतला.

रविवारी सकाळी, घरात आंघोळींची गडबड चालली असताना, तो सायकलवरून स्टेशनजवळच्या फुलवाल्याकडे गेला आणि गुलाबांचा भारा वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दाराने आला. ती कारखान्यात झाल्यासारखी फुलं, सगळी एका मापाची, एका लाल रंगाची, प्रत्येक कळीला पांढऱ्या जाळीची टोपी. विहिरीमागे बसून त्याने टोप्या काढल्या. त्याला त्या फुलांची लाज वाटत होती, स्वतःची त्याहून जास्त, आणि पॉलिनच्या नाकाची भीती या दोन्हींहून जास्त.

वेदीपाशी फुलं लावताना स्टेफीने विचारलं, यातला डबल डिलाइट कुठला. सॅन्टन म्हणाला, "पिकल्यावर सगळे लाल होतात."

फादर कौतुकाने जवळ आले. एक फूल त्यांनी उचललं. त्याची टोपी काढायची राहिली होती.

"सॅन्टनकाका, ही जाळी कसली?"

"वटवाघळांसाठी."

"वटवाघळं गुलाब खातात?"

"आमच्याकडची खातात, फादर. केळीच्या बागेतली, त्यांना सगळंच आपलं वाटतं."

फादर मान डोलावत गेले. दुसऱ्या बाकावर बसलेल्या डेन्झिलला मोठा खोकला लागला आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला.

मिस्सा झाली. जोडपी पुढे येऊन उभी राहिली. फादरनी माईकवरून सांगितलं, की आता आपले सॅन्टनकाका स्वतःच्या वाडीतला एकेक गुलाब प्रत्येक भगिनीला देतील. सॅन्टन रांगेने निघाला. पहिलीला दिला, दुसरीला दिला, सगळ्यांनी घेतला, हसून घेतला. देता देता तो पॉलिनपुढे पोचला. हातात सगळ्यांत मोठा होता, निवडून ठेवलेला. पॉलिन मोतिया साडीत उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती. सॅन्टनने हात उचलला, आणि तो हात अर्ध्यावर थांबला. बाकीच्या बायकांना दिलं ते फूल होतं. हिला द्यायचं ते कबूल केलेलं होतं. मागे सगळं चर्च माना उंचावून बघत होतं.

"पॉलिन," तो ओठ न हलवता म्हणाला, "हा आपला नाही."

"ठाऊक आहे मला."

"आपल्याला आलेच नाहीत."

"आले," पॉलिन म्हणाली. तिने बगलेतली पर्स उघडली. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक पापा मेलाँ होता, गर्द, मखमली, नुकता उमलायला लागलेला. वास आधी बाहेर आला, फूल मागून. "तुम्ही कापलेल्या आईच्या फांद्यांवरचे डोळे. डेन्झिलकडच्या खुंटांवर त्याच दिवशी भरून घेतले. ओंजळभर फुलं आली, त्यातलं हे. धरा."

सॅन्टनने धरलं.

"आता मला द्या. नीट. लोक बघतायत. आणि तो दुकानातला खिशात घाला, त्याला काटे नाहीत."

सॅन्टनने गुलाब दिला. गुडघा टेकायचाही त्याचा विचार होता, पण गुडघ्याचा नव्हता. पॉलिनने फूल नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि नर्सरीत उभी राहिली होती तितकाच वेळ उभी राहिली. मग तिने ते केसांत खोवलं. टाळ्या वाजल्या. सॅन्टनचे डोळे भरून आले, ते त्याने धुपावर ढकललं.

एवढ्यावर सॅन्टनने तोंड मिटून घरी जायला हवं होतं. पण हॉलमध्ये जेवण होतं, आणि जेवणात झणझणीत पोर्कचं इंद्याल होतं. दुसऱ्या वाढपापर्यंत त्याची कॉलर ताठ झाली. तिसऱ्या वाढपाला तो टेबलावरच्या मंडळींना गुलाबाचं शास्त्र सांगू लागला. डेन्झिल ताट घेऊन शेजारी येऊन बसला. सगळ्यांना वाटलं, आता हा भावोजींची ऐट उतरवणार. पण डेन्झिल म्हणाला, त्याला सॅन्टनची ती विहिरीजवळची सगळी झाडं हवी आहेत. असा खुंट त्याने आख्ख्या निर्मळमध्ये पाहिला नव्हता. रोग नाही, कीड नाही, मुळं दांडगी. पावसाळ्याआधी त्याच्या काड्या लावल्या तर अर्ध्या गावाला कलमांसाठी पुरतील. अट एकच, सॅन्टनने त्यांना फूल यावं म्हणून काहीही करू नये.

सॅन्टन फुलून गेला. पुढच्या टेबलावर बायकांत बसलेल्या पॉलिनला त्याने तिथूनच ऐकवलं, की बघ, तुझा भाऊ काय म्हणतो. शेवटी खुंटच महत्त्वाचा.

पॉलिनने तोंडातला घास संपवला.

"खरंय," ती म्हणाली. "मुळं घट्ट, वाढ दांडगी, ऊन-पाऊस काही बाधत नाही. कुणाचं ऐकत तेवढं नाही, आणि फूल वरून दुसऱ्याने बसवावं लागतं. चाळीस वर्षं मी तेच करतेय."

बायका ताटात बघून हसू लागल्या. सॅन्टन मात्र विचारात पडला. घट्ट, दांडगी, काही बाधत नाही. एवढं चांगलं पॉलिन त्याच्याबद्दल आजवर बोलली नव्हती, तेही चार लोकांत. रात्रभर त्याला ते आठवत राहिलं. सकाळी उठून तो कुंपणाशी गेला आणि दात घासणाऱ्या सालोमीला त्याने सांगितलं, की काल बायकोने भर जेवणात त्याला रानटी गुलाबाचा खुंट म्हटलं.

सालोमीने चूळ भरली. तिने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा, सावकाश, म्हणवून घेतलं. मग घरात वळून सुनेला हाक मारली आणि म्हणाली, गॅस बंद कर आणि बाहेर ये, सॅन्टनकाकांना काहीतरी सांगायचंय.

सॅन्टनने घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.